तांब्याभर पाणी

भाच्याने पाठवलेला डबा
अर्धा किलो पेढ्यांच्या खोक्याएवढा, पण जड.
काळं ॲल्युमिनियम, पुढे एक गोल चकती,
मागे भोकंच भोकं.
कुठली वायर कुठे, ह्याचं पत्रक मुंगीच्या अक्षरात.
छत्तीस वर्षं एजी ऑफिसात
मुंग्याच वाचल्या मी. लावलं.

पहिल्या रात्री नुसती घूं.
गाणं त्या घूंच्या मागे,
पडद्याआडून कुणी बोलावं तसं.
पेटी काढून पाहिली : पांढरी पाच नि काळी चार
ह्यांच्या मधल्या फटीत बसलेला सूर,
कुणाच्याच मालकीचा नसलेला.

रईस आला. सॉकेटात टेस्टर घालून हसला,
"भाईसाब, अर्थिंग तो इस मोहल्ले में अफवाह है."
मागच्या नळाजवळ खड्डा खणला त्याने,
कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी,
वर माती. म्हणाला, रोज लोटाभर पाणी घालत जा,
जमीन सुकली की पुन्हा गुणगुणेल.

घूं गेली.
मृणालिनी झोपलेली. गेन खाली,
चकती सातावरून हळूच नवावर.
सत्त्याऐंशीची कॅसेट, आता नुसती फाइल :
दौलतगंज, डॉक्टर निमोणकरांची माडी,
त्र्यंबकबुवा अष्टपुत्रे, बिहाग,
आणि उजव्या कानात मी, वय बावीस,
तानपुऱ्यावर.

टेपरेकॉर्डरवर शंभरदा ऐकलेलं हे.
पण तेव्हा माडी एक गोळा होती आवाजाचा,
आता तिला कोपरे आले.
पंख्याचं एक पातं ढिलं आहे.
कुणीतरी सुपारी फोडतंय, तालाबाहेर.
खाली टेम्पो थांबला, कंडक्टर "कंपू, कंपू" ओरडला.
बुवा श्वास घेतात, तो आधी ऐकू येतो,
मग षड्ज.

आणि माझा पंचम
केसभर उतरलेला.

मागे नेलं. पुन्हा लावलं.
तिसऱ्यांदाही बेरीज तीच.
दुसऱ्यांच्या वह्यांत दीड रुपयाचा फरक शोधून
लाल शाईने आक्षेप काढणारा मी,
आणि हा फरक अडतीस वर्षं
माझ्याच मांडीवर.

बुवा पंचमाशी येतात नि टेकतात फक्त,
हलत्या पायरीवर माहीतगार पाऊल टेकतो तसे.
मुक्काम गंधारावर. परत गंधारावर.
लोक वाहवा म्हणतात, काय गंधार!

विलंबित संपला. टेप चालूच.
"अरे, जरा पाणी आणतोस?"
हे वाक्य मी किती लग्नांत सांगितलंय,
कँटीनमध्ये, भाच्याला तर दहादा :
इतक्या मोठ्या माणसाने
इतक्या जणांत मला सांगितलं, मला.

माझी पावलं जिन्यावरून खाली जातात.
डाव्या कानात कुजबूज, खोकला.
उजव्या कानात
कापड घासल्याचा आवाज, कुणी वाकलं असावं,
मग खुंटीची अगदी लहान कुरकूर.
तार एकदा. थांबून, मणी सरकतो,
तार पुन्हा.
घोड्यावर जव्हारी उमलते
ती मी नसताना.

पावलं वर येतात, उड्या मारत.
"ठेव इथे," बुवा म्हणतात.
तांब्या सतरंजीवर टेकतो :
भरलेल्या भांड्याचा बसका आवाज.
पुढे तासभर ऐकलं मी,
द्रुत, तराणा, मग ती भैरवी.
तो तांब्या कुणी उचलल्याचं
कुठेच ऐकू येत नाही.

हेडफोन काढले तेव्हा कान गरम होते.
"कसा आहे डबा?" मृणालिनीने कूस बदलून विचारलं.
"स्वच्छ," म्हटलं. "जरा जास्तच."

सकाळी नळाजवळ
मातीने तांब्याभर पाणी घेतलं,
आवाज न करता.
मी थोडा वेळ तिथेच उभा,
रिकामा तांब्या कुठे ठेवावा
सुचेना.